सहा मैलांचा हिशेब

सिकंदराबादच्या जुन्या छावणीच्या कडेला गोल्फचे एक मैदान आहे. त्याच्या चौथ्या होलवर, मारणारा जेथे उभा राहतो ती जागा आणि पलीकडचे हिरवे पटांगण यांच्यामध्ये एक तळे पसरलेले आहे. ते कोणी शोभेसाठी खोदलेले नव्हे. दख्खनच्या पठारावर ग्रॅनाइटच्या खडकांमध्ये पावसाचे पाणी अडवून ठेवण्यासाठी जी असंख्य लहानमोठी तळी पूर्वजांनी बांधली, त्यांपैकीच ते एक. मैदान आखणाऱ्यांनी त्याला फक्त खेळात ओढून घेतले. मागच्या टीवरून ते ओलांडायचे तर चेंडू हवेतून १८० यार्ड जावा लागतो. तरुण, धडधाकट माणसाला हे अंतर काहीच नाही. कर्नलांनाही कित्येक वर्षे ते काहीच नव्हते. तेथे तळे आहे हे त्यांना माहीत होते, पण ते त्यांच्या दृष्टीस पडत नसे.

वयाची ६७ वर्षे उलटली तेव्हा ते दृष्टीस पडू लागले. प्रथम चेंडू पलीकडच्या काठावर पडून गडगडत मागे येई आणि गाळात थांबे. पुढल्या वर्षी तो काठापर्यंतही पोहोचेना. सत्तरीला आले तेव्हा चौथ्या टीवर जाताना ते पिशवीतून आपोआपच जुना चेंडू काढीत. नवा चेंडू पाण्यात घालवण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक चेंडूवर ओळखीसाठी निळ्या शाईचे तीन ठिपके काढण्याची त्यांची लष्करी शिस्तीची सवय मात्र अबाधित होती. बुडण्यासाठी निघालेल्या चेंडूंवरही ते तीन ठिपके असत.

क्लबच्या समितीने याच सुमारास एक पत्रक काढले. ६५ वर्षांवरील सभासदांनी पुढच्या टीवरून खेळण्यास हरकत नाही, किंबहुना तसे केल्यास खेळाचा खोळंबा टळेल, असा त्याचा आशय होता. पुढच्या टीवरून तेच तळे अवघे १२० यार्डांचे होते. पत्रकाची भाषा सौजन्याची होती आणि सूचना शहाणपणाची. कर्नलांनी ते पत्रक घडी घालून खणात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मागच्या टीवर जाऊन चेंडू पाण्यात घातला.

याला हट्ट म्हणणे सोपे आहे. त्यांच्या पत्नीने तसे म्हटलेही. पण त्यामागे एक करार होता. शनिवारी सकाळी एकत्र खेळणारे ते चौघे. दोघे एकाच पलटणीतले, एक दंतवैद्य, एक रेल्वेतला अभियंता. पन्नाशीत असताना केव्हातरी हसतखेळत त्यांनी ठरवले होते, की पुढच्या टीवर जायचे तर चौघांनी एकाच दिवशी जायचे, एकट्याने कोणी जायचे नाही. पुढे दंतवैद्य आपल्या मुलीकडे परदेशी गेले. अभियंता २०१८ मध्ये आणि पलटणीतला मित्र २०२१ च्या उन्हाळ्यात वारला. करार तोंडी होता, आणि त्यातून मोकळे करण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांतले दोघे आता नव्हते. असल्या बंधनाचे कर्नल कोणाजवळ बोलत नसत. बोलले असते तर ते त्यांचे त्यांनाच हास्यास्पद वाटले असते.

मुलाने परदेशातून एक यंत्र पाठवले. हाताच्या पंजाएवढी पेटी. चेंडूच्या मागे जमिनीवर ठेवायची, आणि काठीचे डोके चेंडूवर येते त्या क्षणीचा त्याचा वेग ती सांगते. कर्नलांनी दहा फटके मारले. पेटीने सरासरी सांगितली : ताशी ७८ मैल. कर्नलांनी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली, शत्रूच्या ठाण्यापर्यंतचे अंतर लिहावे तसा, दुसरा आकडा लिहिला : ८४. तळे पार करण्यास एवढा वेग हवा होता. अंतर सहा मैलांचे. पुढचे वर्ष त्यांनी या सहा मैलांच्या चिंतनात घालवले.

येथे एक भाषिक अडचण नोंदवणे आवश्यक आहे. गोल्फमधील ज्या क्रियेबद्दल हे सर्व चालले आहे तिला इंग्रजीत जो शब्द आहे तोच मुलांच्या झोक्यालाही आहे. मराठीत या दोहोंना सामावणारा एक शब्द नाही. आपण ‘फटका’ म्हणतो, ‘टोला’ म्हणतो; पण हे दोन्ही शब्द आघाताचे आहेत, त्यांच्यात शेवटचा क्षण तेवढा आहे. ‘झोका’ म्हणावे तर त्यात आघात नाही, नुसते जाणे-येणे आहे. म्हणून मराठी माणूस गोल्फ शिकतो तेव्हा तो शब्दापासूनच चुकण्याची शक्यता असते : त्याला वाटते, की आपल्याला टोला मारायचा आहे. कर्नल ४० वर्षे टोलाच मारीत आले होते. दंडात बळ होते तोवर ते चालले.

वेगाचे शास्त्र असे सांगते, की तो दंडातून येतच नाही, निदान मुख्यत्वे येत नाही. ब्रिटनमध्ये ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी या विषयावर जो ग्रंथ लिहिला तो १९६८ चा. त्यांनी या सगळ्या गुंतागुंतीच्या क्रियेला एका साध्या आकृतीत बसवले : एकमेकांना बिजागरीने जोडलेले दोन दांडे. वरचा दांडा म्हणजे खांदे आणि हात, खालचा म्हणजे काठी, आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. वरचा दांडा फिरू लागतो तेव्हा खालचा दुमडलेला असतो, अंगाच्या जवळ असतो, म्हणून तो फिरवायला हलका जातो. मग एका विशिष्ट क्षणी खालचा दांडा आपणहून बाहेर फेकला जाऊ लागतो. तो जसजसा उलगडतो तसतसा वरच्या दांड्याचा वेग कमी होतो. हातांनी मिळवलेली गती काठीकडे जाते. म्हणजे चेंडू उडतो त्या क्षणी उत्तम खेळाडूचे हात मंदावत असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो नेमक्या त्याच क्षणी हातांना जोर लावतो, आणि काठीला जी गती मिळायची ती अडवून धरतो.

ज्याने शेतातली गोफण पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कर्नलांचे आजोबा नांदेडकडचे. निजामाच्या नोकरीसाठी ते हैदराबादेस आले आणि सुलतान बाजारात स्थायिक झाले. पण सुगीत गावी जात आणि नातवाला जोंधळ्याच्या माचाणावर बसवीत. माचाणावरचा राखण्या गोफण फिरवी तेव्हा त्याचे मनगट जवळजवळ स्थिर असे आणि दगड शिळ घालीत जाई. कर्नलांना ही आठवण होती. तिचा गोल्फशी काही संबंध आहे, हे मात्र त्यांना सत्तराव्या वर्षी पुस्तक वाचून कळले. ज्ञान असे आडवाटेने येते, ही शिकलेल्या माणसांची जुनीच तक्रार आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३८ मध्ये डेन्समोर शूट या खेळाडूचे घेतलेले एक छायाचित्र कर्नलांनी पुस्तकातून काढून भिंतीला लावले होते. अंधारात एका सेकंदात अनेकदा दिवा लखलखवून एकाच पट्टीवर सर्व क्षण टिपण्याची ही युक्ती. त्या चित्रात काठी पंख्यासारखी, किंबहुना शंखाच्या वळ्यांसारखी उलगडत जाते. वरच्या बाजूला तिच्या प्रतिमा दाटीवाटीने आहेत, चेंडूजवळ येताना विरळ होत जातात. म्हणजे तेवढ्याच वेळात ती अधिक अंतर कापते आहे. कर्नल भिंगातून पाहत आणि पट्टीने अंतरे मोजीत. पत्नी म्हणे, नकाशे वाचायची सवय गेली नाही.

आकड्यांचेही एक सौंदर्य असते, निदान कर्नलांसारख्याला ते जाणवत असे. ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन साधारण २०० ग्रॅम, चेंडूचे नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, धातूच्या पृष्ठभागाच्या उसळीवर नियमांनीच ०.८३ ची मर्यादा घातलेली. या तीन आकड्यांतून असे निघते, की चेंडूचा वेग काठीच्या वेगाच्या दीडपटीच्या वर फारसा जाऊ शकत नाही, मग मारणारा कोणीही असो. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. वरून खाली येण्यास काठीला पाव सेकंद लागतो. आणि मज्जातंतूंना काही जाणवून हाताला हुकूम पोहोचेपर्यंत जवळजवळ तेवढाच वेळ जातो. एकदा काठी खाली निघाली, की तिला परत बोलावता येत नाही, सुधारता येत नाही. आणि ७८ वरून ८४ म्हणजे वेगात ८ टक्क्यांहूनही कमी वाढ. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे शरीराला १६ टक्के अधिक देणे भाग होते. सत्तरीच्या शरीराला. वयाबरोबर स्नायूंतील झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात. सावकाश ओझे वाहण्याची ताकद मागे राहते, चपळाई निघून जाते. पिशवी कर्नल अजूनही उचलू शकत होते.

तरीही वेग वाढवता येतो, याला पुरावे होते. ब्रायसन डीशॅम्बो या अमेरिकन खेळाडूने अंगावर मांस चढवून, काठी जिवाच्या आकांताने फिरवण्याचा सराव करून २०२० ची यू. एस. ओपन जिंकली तेव्हा जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. इंग्लंडचा मॅट फिट्झपॅट्रिक हा सडपातळ, आकड्यांचा नाद असलेला माणूस. त्याने चढत्या वजनांच्या काठीने पद्धतशीर सराव करून वेग वाढवला आणि २०२२ मध्ये तीच स्पर्धा जिंकली. तत्त्व असे, की आपल्या काठीपेक्षा हलकी काठी पूर्ण वेगाने फिरवली म्हणजे शरीराला अनोळखी वेगाची ओळख होते. तो वेग धोक्याचा नाही हे त्याला पटते. मग किंचित जड काठी. मग आपली. प्रचलित पद्धतीत २० टक्के हलकी, १० टक्के हलकी आणि ५ टक्के जड, अशा तीन काठ्या असतात. कर्नलांनी त्या विकत आणल्या नाहीत. एक वेळूची काठी तासून घेतली, दुसरी जुन्या ड्रायव्हरची, आणि तिसरीच्या डोक्याला शिशाची पट्टी चिकटवली. तराजूवर वजने करून चिठ्ठ्या लावल्या.

आठवड्यातून तीन संध्याकाळी, बंगल्यामागच्या अंगणात हा सराव चाले. कॅडी काठ्या हातात देई आणि मोजी. हा कॅडी त्यांच्याबरोबर २२ वर्षे होता. वय ५३, धोब्याचा मुलगा, छावणीच्या धोबीघाटावर वाढलेला. कर्नल थट्टेने विटीदांडूची मोजणी म्हणत : वकट, लेंड, मुंड, नाल. पहिल्या दिवशी कॅडी थबकला आणि हसला. त्याच्या घरी मुले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. नांदेडच्या पोराने खेळात पाठ केलेले ते निरर्थक मंत्र म्हणजे शेजाऱ्याच्या घरातले रोजचे आकडे होते. अभ्यासकांना हे नवे नाही; मराठी आणि तेलुगू यांच्या शेजारधर्माच्या चर्चेत हे उदाहरण येतेच. पण कर्नलांना ते नवे होते, आणि २२ वर्षे ज्याच्याशी ते दखनी उर्दूत बोलत आले त्याची मातृभाषा आपण लहानपणी दांडू हातात घेऊन बडबडत होतो, या विचाराने त्या संध्याकाळी त्यांचा सराव अर्धवट राहिला.

सहा आठवड्यांत पेटी ८१ दाखवू लागली. सातव्यात कंबर धरली. अस्थिरोगतज्ज्ञाने चित्रे काढली, मणक्यांमधील गादी दाखवली आणि आपले मत सांगितले. तीन आठवडे पलंगावर गेले. वेग ७९ वर आला.

पुढची घटना एका सोमवारची आहे. सोमवारी मैदान सभासदांना बंद असते. त्या दिवशी कॅडींना खेळण्याची मुभा असते. हा रिवाज बहुतेक जुन्या क्लबांत आहे, आणि भारतीय गोल्फचा निम्मा इतिहास या रिवाजाच्या उपकाराखाली आहे. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. तोवर ती कोणा भारतीय व्यावसायिकाने जिंकली नव्हती. इंग्रजांनी १८२९ मध्ये स्थापलेल्या कलकत्त्याच्या क्लबातील माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया, त्याने हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. चौरसिया लांब मारणाऱ्यांत कधीच गणला गेला नाही. त्याची सारी कमाई ग्रीनजवळच्या नाजूक हातांची. वेगाच्या भक्तांनी हे उदाहरण सोयीस्करपणे विसरू नये. पण कॅडी म्हणजे नेहमी चौरसियाच, असेही नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना सोमवारपुरतेच मैदान मिळते आणि मंगळवारी पुन्हा पिशवी.

कर्नल आपला चष्मा लॉकरमध्ये विसरले होते, म्हणून त्या सोमवारी ते क्लबात आले. परत जाताना तळ्याच्या बाजूने हसण्याचा आवाज ऐकून वळले. चौथ्या टीवर, मागच्या टीवर, सातआठ कॅडी उभे होते आणि सर्वांत मिळून तीन काठ्या होत्या. कर्नलांचा कॅडी चेंडू ठेवीत होता. त्याच्या हातातला लाकडी डोक्याचा ड्रायव्हर कर्नलांनीच १५ वर्षांपूर्वी टाकून दिलेला. डोक्याला चीर गेली होती ती दोऱ्याने बांधलेली. त्याने पायांतल्या चपला काढल्या, एकवार तळ्याकडे पाहिले आणि काठी फिरवली. त्यात घाई कोठेच नव्हती. वर जाताना ती इतकी सावकाश गेली, की वर गेल्यावर ती खाली येणार आहे की नाही असे वाटावे. नंतरचे डोळ्यांना दिसले नाही, ऐकू आले. चेंडू तळ्यावरून, पलीकडच्या काठावरून, काठापलीकडच्या कडुलिंबाच्या झाडावरून गेला.

२२ वर्षांत कर्नलांनी या माणसाला एकदाही चेंडू मारताना पाहिले नव्हते.

त्यांना पाहताच सगळे गप्प झाले. कोणी चपला घालू लागला. कर्नलांनी पिशवीतली पेटी काढली आणि जमिनीवर ठेवली. ‘एक और मारो,’ ते म्हणाले. कॅडीने मारला, पेटीवर ९६ आले. एवढ्याने ते झाड ओलांडले नसते, हे कर्नलांना कळत होते. पाहिले जात आहे या जाणिवेनेच माणसाचे हात आखडतात, हा शास्त्राचा मुद्दा त्यांनी वाचलेला होता. कोणाच्या पाहण्याने कोणाचे हात आखडतात, हे पुस्तकात नव्हते. ते पेटी तेथेच ठेवून दूर झाडाखाली जाऊन, पाठ करून उभे राहिले. मागे पोरांचा गलका झाला. पेटी १०६ म्हणत होती. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्त्रियांची ड्रायव्हरची सरासरी ९४ च्या आसपास असते आणि पुरुषांची ११३ ते ११५.

परत येताना त्यांनी टीवरचा पुढचा चेंडू पाहिला. त्यावर तीन निळे ठिपके होते. शेजारच्या डबड्यात आणखी दहाबारा चेंडू होते. काहींची शाई पाण्याने फिकी झालेली. तळ्यात उतरून चेंडू काढणारी पोरे ते दुकानदाराला विकतात, हे सर्वांना ठाऊक असते. हे चेंडू विकलेले नव्हते. कॅडीचा सोमवार गेली तीन वर्षे कर्नलांच्या चुकलेल्या फटक्यांवर चालला होता.

कर्नल काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी समितीला एक पत्र लिहिले : सरावाची जागा दुपारी रिकामी असते, ती कॅडींना वापरू द्यावी. उत्तर आले, की पत्र नोंदवून घेतले आहे. त्यांनी दुसरे लिहिले. तेही नोंदवले गेले. सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्यास या क्रियापदाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि त्यांनी कॅडीला विचारले, की माझे काय चुकते. हा प्रश्न विचारायला त्यांना चार दिवस लागले आणि उत्तर द्यायला कॅडीला दोन आठवडे. कॅडीचे शिक्षण असे असते, की साहेबाची चूक दिसली तरी वाऱ्याला दोष द्यावा. अखेरीस एका संध्याकाळी अंगणात तो म्हणाला, ‘मारते नै साब, ढकेलते आप.’ मग त्याने काठी उलटी धरली, डोक्याच्या बाजूने, आणि हवेत फिरवली. सूं असा आवाज झाला. चेंडू जेथे असावा त्याच्या किंचित पुढे. कर्नलांनी फिरवली, आवाज उजव्या खांद्याजवळच झाला आणि विरला. वेग होता, पण तो चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच खर्च होत होता. कॅडीने बापाचे उदाहरण दिले. धोबी ओले कापड दगडावर आपटतो तेव्हा हात आधी खाली येतात, कापड डोक्यावरून मागाहून येते. हातच कापडाबरोबर आले तर मळ निघत नाही आणि खांदा मात्र दुखतो. पुढे मुठीबद्दल बोलला : मूठ अशी, की कापड निसटेल असे वाटावे पण निसटू नये. आणि शेवटी डाव्या पायाबद्दल. चेंडूजवळ काठी येताना डाव्या पायाने जमीन दाबून वर उठायचे.

हे शेवटचे कर्नलांनी रात्री पुस्तकांत शोधले. मिउरा या जपानी अभ्यासकाने २००१ मध्ये गणिताने दाखवले आहे, की आघाताच्या सुमारास काठीची मूठ आत, वरच्या दिशेने ओढली गेली तर टोकाचा वेग वाढतो. झोक्यावर उभे राहिलेले पोर अगदी खालच्या बिंदूपाशी गुडघे सरळ करून उठते, आणि कोणी धक्का न देता झोका चढत जातो, तेच हे. तेव्हा इंग्रजी शब्द काही अगदीच चुकलेला नव्हता. कर्नलांना नागपंचमीचे झोके आठवले असतील किंवा नसतील. त्यांनी वहीत एवढेच लिहिले : ‘डावा पाय. धोबीघाट.’

पावसाळा संपेपर्यंत मुठीचे ढिलेपण अंगवळणी पडले नाही. ज्याने आयुष्यभर वस्तू घट्ट धरल्या त्याला सैल धरणे हे नवे कसब असते, आणि सत्तरीला नवे कसब शिकताना जुने आधी बिघडते. मध्यंतरी पेटी ७५ दाखवी. एकदा काठी हातातून सुटून पेरूच्या झाडात जाऊन पडली. दिवाळीनंतर आकडा हलला : ८०, ८१, पुन्हा ८०. डिसेंबरमध्ये ८२ स्थिर झाला, आणि कंबरेने तक्रार केली नाही, कारण आता तिच्यावर जबरदस्ती होत नव्हती. ८३ पेटीने दोनदाच दाखवले. ८४ कधीच नाही.

८२ ने चेंडू हवेतून १७५ यार्ड जातो, फार तर १७६. थंड हवा दाट असते, तिच्यातून आणखी दोन-तीन यार्ड कमी. हा हिशेब कर्नलांनी स्वतः मांडला होता. डिसेंबरच्या अखेरच्या शनिवारी पहाटे ते दोघेच चौथ्या टीवर उभे होते; मागच्या टीवर. तळ्यावर धुके होते. कर्नलांनी पिशवीतून जुना चेंडू काढला, त्याच्याकडे पाहिले, तो परत ठेवला आणि नवा घेतला. कॅडी काही बोलला नाही. फटका चांगला बसला. आवाज पुढे झाला, डावा पाय वेळेवर उठला. चेंडू धुक्यात शिरला आणि सत्तरीच्या नजरेतून गेला.

पाण्याचा आवाज ऐकू आला नाही. पण त्या वेळी रस्त्यावरून लष्करी गाड्यांची रांग जात होती.

‘पार हो गया साब,’ कॅडी म्हणाला आणि पिशवी उचलून कर्नलांच्या पुढे, नेहमीपेक्षा जरा भरभर चालू लागला. कर्नल तळ्याच्या बांधावरून वळसा घालून पोहोचले तेव्हा तो पलीकडच्या काठावर उभा होता. त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर, गवतात, तीन निळ्या ठिपक्यांचा चेंडू पडला होता. शाई ठळक होती. कर्नल वाकले. चेंडू ओला होता. पण दंव सगळ्याच गवतावर होते.

त्यांनी सात नंबरची काठी मागितली.